घर इथे, घर तिथे, आणि घरपट्टी?

दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी आपल्याकडे म्हण आहे. दोन घरांच्या मालकिणीला मात्र दोन्हीकडून आमंत्रण असते. फरक इतकाच की ते जेवणाचे नसून घरपट्टीचे असते. त्यातून ती घरे दोन वेगळ्या राज्यांत असली, तर एकीकडचे आमंत्रण हमखास हरवते. आमंत्रण हरवले तर जेवण चुकते. बिल हरवले म्हणून घरपट्टी काही चुकत नाही.

‘दोन राज्यांत घरे’ म्हटले की डोळ्यांपुढे बडी मंडळी येतात. पण हल्ली तसे राहिलेले नाही. आपल्याच ओळखीत बघा ना. यजमानांची नोकरी पुण्यात, म्हणून पुण्याला हप्त्यांवर घेतलेला फ्लॅट. सासऱ्यांनी बांधलेले घर बेळगावला. माहेरी भाऊ नाही, तेव्हा आईच्या मागे इंदूरच्या दोन खोल्या हिच्या वाट्याला आलेल्या. आणि मुलगा बंगळूरला गेला, तर त्याने वर्षाच्या आत कर्ज काढून तिथे घर घेतलेले. सोन्यानाण्याचा पत्ता नाही, पण घरे मात्र तीन राज्यांत! अशा बाईला कुणी श्रीमंत म्हटले तर ती हसेल. पण कर आकारणाऱ्याच्या लेखी ती तीन-चार मिळकतींची धनीण असते.

आधी नावांचाच घोळ मिटवू. पुण्यात याला मिळकतकर म्हणतात, मुंबईत मालमत्ता कर, कोल्हापूरकडे घरफाळा. कोकणात आणि गोव्यात घरपट्टी. इंदूरला ‘संपत्तिकर’ असे हिंदी बिल येते आणि सीमा ओलांडली की चलनावर कानडीत ‘आस्ती तेरिगे’ लिहिलेले असते. नावे सहा, वस्तू एकच. घर उभे आहे तिथल्या रस्त्याचा, दिव्याचा, गटाराचा आणि झाडलोटीचा हा खर्च आहे, आणि तो त्या घराकडून वसूल होतो.

‘घराकडून’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. कारण बहुतेकींचा गोंधळ इथेच होतो. “अहो, आम्ही पुण्यात इतका कर भरतो. इन्कम टॅक्सही कापला जातो. मग बेळगावला परत कशाला? सरकार काय दोन आहेत?” असे मला एकीने अगदी तावातावाने विचारले होते. तर हो, या बाबतीत सरकारे दोनच काय, दहा असू शकतात. आपल्या राज्यघटनेत जमिनी आणि इमारती यांवरील कर हा विषय राज्यांच्या यादीत घातलेला आहे. राज्ये आपापला कायदा करतात आणि वसुलीचे काम महापालिका, नगरपालिका नाहीतर ग्रामपंचायत यांच्याकडे देतात. दिल्लीच्या तिजोरीशी त्याचा संबंध नाही. इन्कम टॅक्स माणसाच्या कमाईवर असतो, म्हणून तो माणसाच्या मागे देशभर फिरतो. घरपट्टी घराच्या जागी बसून राहते. पुण्यात भरलेल्या पैशाची वजावट बेळगावात मिळत नाही, आणि इंदूरच्या पावतीला पुण्यात काही किंमत नाही. त्याला दुहेरी कर म्हणता यायचे नाही. दोन घरांचे दोन कर आहेत, इतकेच.

आणि घर बंद असले तर? “तिथं कुणी राहत नाही, नळसुद्धा कोरडा आहे, मग कर कसला?” हा दुसरा लाडका समज. कर इमारतीवर आहे, तिच्यातल्या माणसांवर नाही. कुलूप लावल्याने तो थांबत नाही. काही ठिकाणच्या नियमांत रिकाम्या घरासाठी थोडी सूट असते, पण ती आपण होऊन कुणी देत नाही. मुदतीत लेखी अर्ज केला तरच तिचा विचार होतो. नुसते कुलूप म्हणजे अर्ज नव्हे.

माझ्या एका मावसनणंदेची गोष्ट सांगते. गावाचे नाव कशाला घ्या. कर्नाटकातले, सीमेजवळचे एक शहर. तिथे तिच्या सासऱ्यांनी बांधलेले कौलारू घर. यजमान होते तोवर दरवर्षी उन्हाळ्यात एक फेरी व्हायची. ते घर उघडत, झाडून घेत, कर भरत आणि पावती पाकिटात घालून परत येत. पावतीचे पुढे काय होते, हे हिने कधी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही. आपल्याकडच्या पुष्कळ संसारांत हे असेच चालते. बाई दुधाचा हिशोब पैशापर्यंत ठेवते आणि घराच्या कागदांना मात्र हात लावत नाही. यजमान अचानक गेले. दिवसकार्ये, मुलींची शिक्षणे, पेन्शनचे हेलपाटे, यात चार वर्षे गेली. बिले निघतच होती, तीही सासऱ्यांच्या नावाने. कुणीतरी ती बंद दाराच्या फटीतून आत सरकवून जाई आणि आत ती वाळवीच्या कामी येत.

अखेर धाकट्या दिरांच्या ते लक्षात आले. त्यांनी दंडासकट सगळी बाकी भरून टाकली. मग फोन केला. “वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता? कर मी भरतोच आहे. पुढच्या खेपेला खातंही माझ्या नावावर करून घेतो. म्हणजे कागद एका ठिकाणी राहतील.”

वरवर पाहता यात वाईट काय आहे? दीर मनाने चांगले आहेत, हे मीही सांगेन. पण या वाक्यात दोन मुलींचा निम्म्या घराचा हिस्सा अडकलेला होता. त्याचे काय झाले ते पुढे सांगते. आधी दंडाचे बघू.

महाराष्ट्रातल्या महापालिकांत थकलेल्या करावर दरमहा दोन टक्के दंड चढतो. महिन्याला दोन म्हणजे वर्षाला चोवीस. समजा दहा हजारांचे बिल राहून गेले, तर दरमहा दोनशे रुपये नुसते दंडाचे, वर्षाला दोन हजार चारशे. बँक आपल्या ठेवीवर याच्या पावपट व्याज देताना कुरकुरते! दुसऱ्या राज्यांत दंडाचे दर आणि व्याजाची पद्धत वेगळी असते, पण विनादंड ठेवणारे कुणी नाही. शिवाय महापालिकेच्या कायद्याप्रमाणे हा कर मिळकतीवरचा बोजा असतो. म्हणजे मालक गेला तरी थकबाकी जात नाही, ती घराबरोबर वारसांकडे येते. जप्तीपर्यंतही वेळ येऊ शकते. पुण्याच्या महापालिकेने तर थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवायचा प्रयोग केलेला आहे. लग्नाचा बँड परवडला!

आता आकारणीकडे वळू. मैत्रिणींनो, एक गोष्ट मनाशी ठरवून टाका. दोन राज्यांतल्या घरपट्ट्यांची तुलना करत बसू नये. “इथं दोन खोल्यांना एवढे, आणि तिथं सबंध घराला तेवढेच?” अशी तुलना पोळीची भाकरीशी केल्यासारखी आहे. मुंबईत २०१० सालापासून घराच्या भांडवली किमतीवर कर बसतो. पुण्यात घराला वर्षाकाठी किती भाडे येऊ शकेल, त्या अंदाजावर बसतो. दिल्लीत २००४ पासून क्षेत्रफळ आणि वस्तीचा दर्जा यांचा गुणाकार करतात. बंगळूरला २००८ पासून क्षेत्रफळाचा हिशोब आहे आणि तो मालकाने स्वतःच मांडून भरायचा असतो. कर्नाटकातल्या इतर शहरांतही स्वतःच आकारणी करून चलन भरायची पद्धत आहे. तेव्हा पुण्याच्या सवयीने ‘बिल आले की बघू’ म्हणून बसलात, तर तिकडे बसूनच राहाल. तिथे हिशोब आपण मांडायचा असतो.

खरी मेख आहे ती सवलतींत. ‘स्वतः राहत असलेले घर’ या चार शब्दांवर पुष्कळ पैसे अवलंबून असतात. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर निवासी मिळकतीला चाळीस टक्के सवलत आहे. ही सवलत १९७० सालापासूनची. २०१८ साली ती रद्द झाली होती, तेव्हा पुणेकरांच्या घरांत किती चर्चा झडल्या ते आठवत असेल. २०२३ साली ती परत मिळाली. पण ज्यांची सवलत मध्यंतरी काढून घेतली होती आणि ज्या घरांची आकारणी २०१९ नंतर नव्याने झाली, त्यांना ‘पीटी-३’ नावाचा अर्ज भरून, तिथे आपणच राहतो याचे पुरावे जोडावे लागले. पुण्यात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रतही जोडायची होती. मध्य प्रदेशातल्या महापालिकांत, म्हणजे आपल्या इंदूरलाही, मालक स्वतः राहत असलेल्या घराला निम्मी सूट आहे. बंगळूरच्या पद्धतीत उलट बाजूने तेच. स्वतःच्या वापरातल्या घराच्या दुप्पट दर भाड्याने दिलेल्या घराला. दिल्लीत तर बाईच्या नावावर घर असेल आणि ती त्यात राहत असेल, तर दोनशे चौरस मीटरपर्यंतच्या एका घराला तीस टक्के सूट आहे. (महाराष्ट्रात असे नुसते ‘बाईचे घर’ म्हणून घरपट्टीत काही सुटत नाही. घर विकत घेताना नोंदणीच्या वेळी मुद्रांक शुल्कात बाईला एक टक्का सूट २०२१ पासून आहे, ती वेगळी.) मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर १ जानेवारी २०२२ पासून माफ आहे, तिथे हा राहण्याचा प्रश्नच येत नाही.

मग दोन राज्यांत घरे असणाऱ्या बाईने काय म्हणावे? “मी पुण्यातही राहते आणि इंदूरलाही”? शरीर एक, आणि मतदार यादीतही नाव एकाच ठिकाणी असावे लागते. दोन मतदारसंघांत नाव ठेवायला कायद्याची मनाई आहे. रेशनकार्ड एक. गॅसचे पुस्तक बहुधा एकाच पत्त्याचे. तेव्हा पुरावा मागितला की माणूस एकाच गावचा ठरतो. इंदूरचे घर बंद आहे, किल्ली शेजारी आहे आणि दिवाळीत आपण आठ दिवस जाऊन राहतो, अशा वेळी त्याला काय म्हणायचे, हे तिथल्या झोन कार्यालयात अर्ज देऊन विचारून घ्यावे आणि उत्तर लेखी ठेवावे. पण घर भाड्याने दिलेले असताना ‘स्वतःच्या वापरात’ असे लिहायचे, हा मोह मात्र टाळा. पूर्वी हे खपत असे. आता भाडेकरार नोंदवलेला असतो, भाडे बँकेत येते, आणि तेच भाडे तुम्ही इन्कम टॅक्सच्या कागदांत दाखवलेले असते. एका कागदावर भाडेकरू आहे आणि दुसऱ्यावर नाही, असे फार दिवस लपत नाही. उघडकीला आले की मागचा फरक, वर दंड. भाडेकरूला “कुणी आलं तर आमचे नातेवाईक आहात म्हणून सांगा” असे बजावणाऱ्या एक बाई मला माहीत आहेत. तो भाडेकरू त्याचा फायदा घेऊन दोन वर्षे भाडे वाढवू देत नाही.

आणखी एक. घर हलत नाही, पण त्याचे कार्यालय हलते! पुण्याच्या हद्दीत २०१७ साली अकरा आणि २०२१ साली तेवीस गावे आली. कालपर्यंत ग्रामपंचायतीत कर भरणारे लोक एकदम महापालिकेचे झाले. बंगळूरची एक महापालिका जाऊन २०२५ साली तिथे पाच झाल्या. मुलाचा फ्लॅट कोणत्या महापालिकेत गेला, हे त्याला विचाराल तर तो “बघतो, आई” म्हणेल. या ‘बघतो’ला मुदत नसते, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. दुसऱ्या राज्यातल्या अशा बातम्या आपल्या वर्तमानपत्रात येत नाहीत. म्हणून वर्षातून एकदा तिथल्या नातेवाइकाला किंवा शेजाऱ्याला मुद्दाम विचारावे.

मुदतीचे म्हणाल तर एप्रिल महिना धरून ठेवावा. पापड-कुरडया वाळत घालायचा आणि घरपट्टी भरायचा मोसम एकच. कर्नाटकात पूर्ण वर्षाचा कर एप्रिलमध्ये भरला तर पाच टक्के सूट मिळते. पुण्यात साधारणपणे ३१ मेपर्यंत भरणाऱ्यांना पाच किंवा दहा टक्के सवलत असते. दिल्लीत ३० जूनपर्यंत एकरकमी भरले की सूट. चेन्नईला वर्षाचे दोन भाग असतात, तेव्हा एप्रिल आणि ऑक्टोबर असे दोन महिने लक्षात ठेवावे लागतात. काही वर्षी मुदती वाढतात, पण त्या भरवशावर राहू नये. मध्य प्रदेशात लोकअदालतीच्या दिवशी थकबाकीवरच्या अधिभारात सूट देतात. ज्यांची बाकी जुनी आहे त्यांनी त्या तारखेवर लक्ष ठेवावे. पैसे आता घरबसल्या भरता येतात, हे खरे. फक्त मोबाइलवर आलेल्या कुठल्यातरी निरोपातल्या दुव्यावरून भरू नयेत. महापालिकेच्या अधिकृत जागी जाऊन, मिळकतीचा क्रमांक घालून, नाव आणि पत्ता आपलाच दिसतो ना हे पाहून मगच भरावे. एका अंकाची चूक झाली की भलत्याच्याच घराचा कर भरला जातो, आणि तो परत मिळवायला जे खेटे घालावे लागतात ते दुसऱ्या राज्यात घालणे म्हणजे शिक्षाच.

आता नावाचा प्रश्न, आणि मावसनणंदेची ती अर्धी राहिलेली गोष्ट.

घरपट्टीच्या बिलावर नाव असणे म्हणजे मालकी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितले आहे की अशा नोंदी कर कुणाकडून घ्यायचा एवढ्यासाठी असतात. त्यामुळे कुणा एकाचे नाव लागले म्हणून दुसऱ्याचा वाटा बुडाला, असे होत नाही. हे ऐकून जिवाला बरे वाटते. पण व्यवहारात काय होते? पंधरा वर्षे एकाच माणसाच्या नावाने पावत्या फाटतात. वीज त्याच्या नावावर, नळ त्याच्या नावावर. गावात सगळे त्यालाच मालक समजू लागतात. मग घर विकायचे ठरते, आणि आपण ‘आमचाही हिस्सा आहे’ म्हटले की सिद्ध करायचे ओझे आपल्या डोक्यावर येते. कज्जा आपणच जिंकू कदाचित. पण परराज्यातल्या कोर्टात, परक्या भाषेतल्या कागदांवर, साठाव्या वर्षी? कर्नाटकात तर २०२४ पासून घराच्या विक्रीची नोंदणी ई-खात्याशिवाय होत नाही, तेव्हा खात्यावर कुणाची नावे आहेत याला फार महत्त्व आले आहे.

नणंदेने एका जाणत्या वकीलबाईंचा सल्ला घेतला आणि दिरांना फोन केला. भांडण नाही, रडणे नाही. “भाऊजी, तुम्ही धावून आलात, फार उपकार झाले. तुम्ही भरलेत त्यातले निम्मे पैसे मी आजच पाठवते. पावत्यांच्या प्रती तेवढ्या मला द्या. आणि खात्याला नावं लावायचीच आहेत, तर मामंजींच्या मागे सगळ्यांचीच लावू. तुमचं, आणि ह्यांच्या जागी माझं व मुलींचं.” दीर दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, “बरोबर आहे वहिनी, मला सुचलं नाही.” सुचले नव्हते की नको होते, हे देव जाणे. पैसे बँकेतून पाठवले, म्हणजे त्याचीही नोंद राहिली. सासऱ्यांचा आणि यजमानांचा मृत्यूचा दाखला, वारसांचा कागद, जुनी पावती, एवढे घेऊन दोघे एकत्र कार्यालयात गेली. तीन खेपा झाल्या. कारकुनाने एकदा कानडी अर्ज लिहून आणायला परत पाठवले, तो शेजारच्या मास्तरांनी लिहून दिला. आता खात्यावर चार नावे आहेत, आणि कर एक वर्ष दीर भरतात, एक वर्ष ही भरते.

नवऱ्याच्या स्वकष्टाच्या मिळकतीत त्याच्या मागे बायको, मुले, मुली आणि आई असे सगळे बरोबरीने वारस असतात, हे हिंदू वारसा कायद्यातले आपल्याला माहीत आहेच. वडिलोपार्जित घरात मुलीचा जन्मापासून मुलाइतकाच हक्क असल्याचे २००५ च्या दुरुस्तीने ठरले. महाराष्ट्रातल्या महापालिकांचा कायदा सांगतो की मालक वारल्यावर वारसांनी वर्षभराच्या आत तसे कळवावे. दिवसकार्यांच्या गडबडीत हे कुणाला सुचणार! पण वर्षश्राद्धाच्या आत एवढे करून घ्यावे. मेलेल्या माणसाच्या नावाने बिल येत राहणे हे पुढच्या सगळ्या घोळाचे मूळ असते.

गोव्याच्या लेकीसुनांनी वेगळी गोष्ट लक्षात ठेवावी. तिथे पोर्तुगिजांच्या वेळचा दिवाणी कायदा कुटुंबाच्या बाबतीत अजून चालतो, आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मिळकत सामाईक, निम्मी-निम्मी धरतात. अशा गोवेकराचे घर मुंबईत असले तरी त्याचा वारसा गोव्याच्याच कायद्याने ठरतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. भाड्याचे उत्पन्नही इन्कम टॅक्ससाठी दोघांत निम्मे-निम्मे वाटले जाते. पुण्यामुंबईच्या माणसाने सुट्टीसाठी गोव्यात फ्लॅट घेतला, म्हणून त्याला हे आपोआप लागू होत नाही, बरं का. घरपट्टी मात्र त्यानेही तिथल्या पंचायतीत किंवा नगरपालिकेतच भरायची.

राहता राहिला इन्कम टॅक्स. इथे राज्य कोणते हे कुणी विचारत नाही, घरे किती ते विचारतात. स्वतःच्या वापरातली दोन घरे असली तर दोन्हींचे उत्पन्न शून्य धरता येते. ही सोय २०१९-२० या वर्षापासून आहे, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पाने त्यातल्या अटीही सैल केल्या. तिसरे घर रिकामे असले तरी त्याचे भाडे आले असते असे मानून त्यावर कर धरतात. मात्र ही मोजणी माणसागणिक आहे. नवऱ्याची दोन वेगळी, बायकोची दोन वेगळी. म्हणून आईकडून हिला मिळालेले इंदूरचे घर यजमानांच्या यादीत मोजायचे कारण नाही. उलट, नवऱ्याच्याच पैशाने नुसते बायकोच्या नावावर घर घेतले असेल, तर त्याचे भाडे नवऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते.

घर भाड्याने दिले असेल तर घरपट्टीची वजावट मिळते. पण ती भरली त्याच वर्षी, आणि मालकाने स्वतः भरली असेल तरच. भाडेकरूने भरली तर मालकिणीला वजावट नाही. समजा इंदूरच्या घराचे भाडे महिना दहा हजार, वर्षाचे एक लाख वीस हजार. संपत्तिकर सहा हजार भरला. उरले एक लाख चौदा हजार. त्यातून दुरुस्ती वगैरेसाठी सरसकट तीस टक्के, म्हणजे चौतीस हजार दोनशे वजा. उत्पन्न धरायचे एकोणऐंशी हजार आठशे. आणि जर मागच्या दोन वर्षांची बाकी मिळून अठरा हजार यंदा भरले, तर अठराही हजार यंदाच वजा होतात. उत्पन्न येते एकाहत्तर हजार चारशे. बाकी ठेवावी असा याचा अर्थ नव्हे, दंडाचे वर सांगितलेच आहे. पण थकलेली भरली असेल तर पावती हिशोबनिसाला द्यायला विसरू नये. स्वतः राहत असलेल्या घराच्या घरपट्टीची अशी वजावट नसते.

या सगळ्यासाठी एक साधी दोनशे पानी वही पुरते. दर घराला चार पाने. मिळकत क्रमांक (कर्नाटकात त्याला पीआयडी म्हणतात), खात्यावरची नावे, बिलावरचा पत्ता, कोणता मोबाइल नोंदवला आहे, आणि किल्ली कुणाकडे. मोबाइल नंबर यजमानांचा असेल तर त्याच्या जोडीला आपलाही नोंदवून घ्यावा. पावती मोबाइलमध्ये असली तरी कागदावर एक प्रत काढून वहीला टाचावी. मोबाइल बदलला की आधी पावत्याच जातात. वही कपाटात साड्यांच्या खाली न ठेवता मुलामुलींना माहीत असेल अशा जागी ठेवावी. परराज्यातले घर पुढेमागे विकायचे असेल, तर गिऱ्हाईक बघायच्या आधी तिथल्या कार्यालयातून थकबाकी नसल्याचा दाखला काढून आणावा. पाणीपट्टी बरेचदा वेगळ्या खिडकीवर असते, तेव्हा तिचीही चौकशी त्याच फेरीत करून घ्यावी.